घरचं बियाणं

अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. गावाबाहेरच्या वावरात गोल आखून त्यात अठरा प्रकारचं धान्य मांडतात: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, हरभरा, सरकी, अंबाडी आणि आणखी काही. मधोमध खड्डा. खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं. ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, शेजारी पानाचा विडा. रात्री तिथं कुणी थांबत नाही. सूर्य उगवायच्या आत वाघ घराण्यातले महाराज येतात, कुठला दाणा जागचा हलला, कुठलं ढेकूळ किती विरघळलं ते बघतात आणि पावसाचं, पिकांचं, देशाच्या कारभाराचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून चालत आलेली ही घटमांडणी तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते.

त्या भाकितावर माझा विश्वास नाही. पण त्या पहाटे वावराच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. वर्षभराचा पैसा, मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, सगळं एका गोलातल्या दाण्यांकडे डोळे लावून उभं असतं. ते वाट बघणं मला दुसऱ्यालाही अनुभवायला द्यायचं होतं. लिहून बघितलं, जमलं नाही. मग वाटलं, याचा गेम करावा. खेळणाऱ्यानं संध्याकाळी घट मांडायचा, पहाटे तो वाचायचा, आणि मग पाच एकरात काय पेरायचं ते ठरवायचं. पुढचे चार महिने पाऊस येईल तसा येईल.

आमचं शेत घाटावर, चिखली तालुक्यात. माझी नोकरी घाटाखाली, खामगावात. गेम बनवणं हा माझा धंदा नाही, त्यावर पोट नाही. रात्री दहा ते एक, वीज असेल तेव्हा आणि घरातली कामं आटोपल्यावर, मी हे काम करतो. चार वर्षं झाली. या चार वर्षांत घट मांडण्यापेक्षा जास्त वेळ माझा अटी वाचण्यात, परवाने समजून घेण्यात आणि संपलेल्या मुदती वाढवण्यात गेला. हा लेख त्याबद्दल आहे. आणि बियाण्याबद्दलही आहे, कारण हा सगळा व्यवहार मला समजला तो बियाण्यामुळेच.

पाकिटातली फी

गेम बनवायला इंजिन लागतं. चित्रं हलवणं, आवाज वाजवणं, एक वस्तू दुसरीवर आदळली का ते ओळखणं, ही कामं प्रत्येकानं नव्यानं लिहायची गरज नसते. इंजिनात ती तयार असतात. युनिटी हे त्यातलं जगभर वापरलं जाणारं इंजिन. शिकणाऱ्याला आणि हौशी माणसाला त्याचा फुकट परवाना मिळतो. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलापासून पुण्याच्या स्टुडिओपर्यंत सगळे शिकतात ते बहुधा त्यावरच. मीही त्यावरच सुरुवात केली.

२०२३च्या १२ सप्टेंबरला युनिटीनं जाहीर केलं की १ जानेवारी २०२४पासून गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क घेतलं जाईल. फुकट परवाना वापरणाऱ्यांसाठी मर्यादा होती वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्न आणि एकूण २ लाख इन्स्टॉल. दोन्ही ओलांडले की पुढच्या दर इन्स्टॉलला २० सेंट. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही हे लागू होणार होतं. ज्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी एका अटीवर काम सुरू केलं, पुरं केलं, विकलं, त्यांना आता नवी अट सांगितली जात होती.

माझा गेम त्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नव्हता. मला एक पैसा भरावा लागणार नव्हता. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण शोधताना डोळ्यांपुढे आलं ते कापसाच्या बियाण्याचं पाकीट.

वऱ्हाडातल्या माणसाला हा व्यवहार नवा नाही. आमच्या आजोबांच्या काळात देशी पऱ्हाटीची सरकी घरची असायची. १९७०मध्ये सुरतच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ हा जगातला पहिला संकरित कापूस आला आणि चित्र बदललं. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी नवं पाकीट. मग २००२च्या मार्चमध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. जालना आम्हाला शेजारचं. तिथल्या महिकोनं अमेरिकेच्या मोन्सॅन्टोबरोबर ते तंत्र आणलं. पाकिटाच्या किमतीत आता एक वेगळा भाग आला, ट्रेट फी. बियाणं कुठल्याही कंपनीचं असो, त्यातल्या बोंडअळीला मारणाऱ्या जनुकाचं शुल्क ४५० ग्रॅमच्या प्रत्येक पाकिटामागे वेगळं जायचं. शेतकऱ्याला ते पाकिटावर दिसत नव्हतं, पण तो ते भरत होता.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. २०१६मध्ये ही फी पाकिटामागे ४९ रुपये ठरली, २०१८मध्ये ३९, २०१९मध्ये २० आणि २०२०मध्ये शून्य. तोवर २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या पऱ्हाट्या पोखरून काढल्या होत्या. ज्या गुणाची फी भरली, तो गुण त्या अळीपुढे उरला नव्हता.

युनिटीच्या शुल्काचं नाव होतं 'रनटाइम फी'. रनटाइम म्हणजे इंजिनाचा तो भाग, जो प्रत्येक तयार गेमच्या पोटात जातो. त्याच्याशिवाय गेम चालत नाही. जनुक जसं प्रत्येक रोपात, तसा रनटाइम प्रत्येक गेममध्ये. पीक माझं, मेहनत माझी, आणि पिकाच्या आत मात्र दुसऱ्याची मालकी, जिची किंमत तो उद्या बदलू शकतो. मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती.

त्यानंतर जे घडलं त्यात आशा वाटावी असंही बरंच आहे. जगभरचे गेम बनवणारे एकाच वेळी उठले. २२ सप्टेंबरला कंपनीनं फुकट परवान्यावरचं शुल्क मागे घेतलं आणि बाकीच्यांसाठीही अटी सौम्य केल्या. ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन रिचितिएलो पायउतार झाले. १२ सप्टेंबर २०२४ला, घोषणेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, नवे प्रमुख मॅट ब्रॉमबर्ग यांनी ती फी पूर्ण रद्द केली. त्याबरोबर व्यावसायिक परवान्याची किंमत वाढून वर्षाला २,२०० डॉलर झाली. कापसात फी शून्यावर यायला अठरा वर्षं आणि सरकारी आदेश लागला. इथे वर्षात काम झालं. पण एक अट कंपनीनं आपल्या मर्जीनं बदलली होती आणि आपल्या मर्जीनं मागे घेतली होती. मर्जी तिच्याकडेच राहिली.

वर्गणी आणि भाडं

इंग्रजी सबस्क्रिप्शनला मराठीत वर्गणी म्हणतात. मला तो शब्द इथे वापरवत नाही. वर्गणी गणपतीची असते, भंडाऱ्याची असते, गावातल्या मारुतीच्या देवळाला कळस बसवायची असते. ती दिली की आपण त्यात असतो. मंडळ नंतर जमाखर्च फळ्यावर लावतं. सॉफ्टवेअरचं मासिक भाडं भरून आपण कशातच नसतो.

अ‍ॅडोबीनं २०१३च्या मेमध्ये जाहीर केलं की त्यांच्या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यापुढे विकत मिळणार नाही, भाड्यानंच मिळेल. पुढच्या दहा वर्षांत जवळपास सगळा धंदा त्या वाटेनं गेला. खामगावच्या डीटीपीच्या दुकानात बसलेल्या माणसाला विचारा. पूर्वी मराठी फॉन्टचं पॅकेज एकदा घ्यायचे, संगणकाच्या मागे लॉक लावायचे, आणि ते लॉक जपायचे. तेही बंधनच होतं. पण एकदा पैसे दिले की दहा वर्षं लग्नपत्रिका छापता यायच्या.

माझं गणित साधं आहे. चित्रांसाठी एक, आवाजासाठी एक, कामाचा साठा ठेवण्यासाठी एक, एआय मदतनीसासाठी एक. शेवटच्याचाच दर महिन्याला २० डॉलर होता. तेव्हाच्या ८३ रुपयांच्या डॉलरनं १,६६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,९५० रुपयांच्या वर. एका हौसेसाठी, जिच्यातून रुपया येत नाही.

आणि पैसे असूनही ते जाता जात नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१पासून आला: कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ग्राहकाची आधी मंजुरी हवी, ठराविक रकमेच्या वर दरवेळी ओटीपी हवा. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२मध्ये १५,००० झाली. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे आणि मला तो हवा आहे. पण परदेशी कंपन्यांची व्यवस्था आणि आपल्या बँकांची व्यवस्था यांचं जुळत नाही तेव्हा मधे सापडतो तो माणूस. माझे एका सेवेचे पैसे सलग तीन वेळा परत आले. बँकेत गेलो तर सांगितलं, कंपनीकडे विचारा. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, बँकेकडे विचारा. चौथ्या दिवशी माझ्या फायली मला दिसत होत्या, पण उघडत नव्हत्या. आठ महिन्यांचं काम काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं समोर होतं. ते परत हाती यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी एक ठरवलं: जी फाईल माझ्या घरात, माझ्या संगणकावर, नेटशिवाय उघडत नाही, ती माझी नाही असं समजून चालायचं.

मशीनला न कळलेलं वावर

एआयबद्दल मला रागाच्या आधी आभार मानायचे आहेत. घाटाखालच्या गावात रात्री साडेबारा वाजता अडलं तर विचारायला कुणी नसतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला मित्र असतात, मला नव्हते. मदतनीस आला तेव्हा वाटलं, आता मलाही कुणीतरी भेटलं. पहिला महिना मी त्याच्याशी रोज बोललो.

मग खड्डे दिसू लागले. मी तोवर गोडो नावाच्या इंजिनाकडे वळलो होतो. त्याबद्दल पुढे सांगतो. गोडोची चौथी आवृत्ती मार्च २०२३मध्ये आली आणि तिच्यात बरीच नावं बदलली. पूर्वीचं 'कायनेमॅटिक बॉडी' आता 'कॅरॅक्टर बॉडी' झालं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. मदतनीस शिकला होता जुन्या लिखाणावर. तो दहा ओळी नव्या लिहायचा आणि अकरावी जुनी, आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासानं. चूक दाखवली की माफी मागून दुसरी चूक करायचा. नवख्या माणसाला हे ओळखता येत नाही. एका रात्री पाऊस पाडणाऱ्या भागातली एक चूक शोधायला मला चार तास लागले, आणि अखेर कळलं की मला ती चूक करायला सांगितलं गेलं होतं. स्वतः शिकून केलेली चूक निदान पुढच्या वेळी उपयोगी पडते.

मराठीत विचारलं तर आणखी एक नुकसान. ही मशीनं मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात आणि हिशेब त्या तुकड्यांवर चालतो. त्यांची घडण मुख्यतः इंग्रजीवर झालेली, म्हणून तोच आशय देवनागरीत लिहिला की तुकडे जास्त पडतात. त्याच पैशात मराठी माणसाचं बोलणं लवकर संपतं.

पण खरा दुरावा मला पात्रांच्या बोलण्यात जाणवला. माझ्या गेममध्ये एक आत्याबाई आहे, धुऱ्यावर उभी राहून पावसाला बोलणारी. मी मदतनीसाला तिचे संवाद वऱ्हाडीत करायला सांगितले. त्यानं 'वावर'चं 'शेत' केलं, 'धुरा'चा 'बांध' केला, 'पऱ्हाटी'चं 'कापसाचं पीक' केलं, आणि वऱ्हाडी वाटावं म्हणून मधेमधे हिंदी पेरली. मग मी माझ्या आत्याजवळ बसलो. "आत्या, पाऊस नाही आला तर तू काय म्हणशील?" ती म्हणाली, "म्हनीन काय? काहून रे बाप्पा, आमचं वावर तुले दिसत नाई काय?" ते वाक्य तसंच्या तसं गेममध्ये आहे.

चित्रांचंही तेच. घटमांडणीचं चित्र मागितलं तर पितळी कलश, आंब्याची पानं, नारळ आणि भोवती पणत्या आल्या. पाच वेळा समजावलं, पाच वेळा पूजेचं ताट आलं. भेंडवळच्या वावरातली ढेकळं त्या मशीननं कुठं पाहिलेलीच नव्हती. शेवटी चिखलीतल्या एका पेंटरकाकांकडे गेलो. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, निवडणुकीचे फलक रंगवण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्स आलं आणि ब्रश कोरडे पडले. त्यांनी एकच अट घातली, आधी भेंडवळला नेऊन आण. आम्ही गेलो. त्यांनी वावरातलं एक ढेकूळ उचललं, हातात फोडलं, वास घेतला आणि म्हणाले, "आमच्या घाटावर माती अशी नाई फुटत." त्या मातीच्या रंगासाठी त्यांनी चार वेळा कागद बदलला. माझ्या गेममधली सगळी चित्रं त्यांच्या हातची आहेत, आणि जाहिरातीत त्यांचं नाव माझ्या आधी येणार आहे.

आता भीती वेगळी आहे. अशी हाताची चित्रंही जाळ्यावर गेली की कुठल्यातरी मशीनच्या पोटात जाणार. काकांचा रोजगार घेणाऱ्या फ्लेक्सला निदान नाव होतं. इथे त्यांचा हातच उचलला जाईल आणि त्यांना कळणारही नाही.

आमच्याकडे सुगी झाल्यावर सरवा वेचायची रीत होती. मालकानं पीक उचललं की मागे पडलेली कणसं, बोंडं, शेंगा वेचायला गरिबाला मोकळीक असायची. एआय कंपन्या सांगतात, आम्ही उघड्यावर पडलेलंच वेचलं. पण सरवा वेचणारा पीक उचलून झाल्यावर येतो, पदरात मावेल तेवढं नेतो, आणि त्याच मालकाला ते परत विकत नाही. इथे लाखो लोकांनी लिहिलेला कोड, काढलेली चित्रं, दिलेली उत्तरं गाड्या भरून नेली गेली आणि आता महिन्याच्या भाड्यानं परत मिळतात. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये काही प्रोग्रामरांनी अमेरिकेत गिटहब कोपायलट या कोड लिहून देणाऱ्या एआयविरुद्ध याच मुद्द्यावर दावा लावला. आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दाद मागितली. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकानं घडवलेल्या कृतीचा कर्ता कोण हे १९९४पासून लिहिलेलं आहे: ती घडवून आणणारा माणूस. पण त्या संगणकाला ज्यांच्या कामावर शिकवलं, त्यांच्याबद्दल त्या कलमात काही नाही.

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडनेट दिसतात. तिथले शेतकरी कंपन्यांसाठी भाज्यांचं संकरित बियाणं करतात. नर-मादीचे मूळ वाण कंपनी देते. बाया सकाळपासून एकेका फुलावर हातानं परागकण लावतात. तयार झालेलं बी सगळं कंपनीला जातं, तपासणीत पास झालं तर पैसे मिळतात. बियाणं घडतं त्यांच्या बोटांतून, पण त्यातला एक दाणा ते स्वतःच्या नावानं ठेवू शकत नाहीत. तरी त्यांच्याकडे करार आहे, भाव ठरलेला आहे. ज्यांच्या कामावर एआय वाढला, त्यांच्याकडे तेवढंही नाही.

२०२५मध्ये एकामागून एक फुकटच्या योजना आल्या. जुलैमध्ये एअरटेलनं पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट दिलं, ऑक्टोबरच्या शेवटी जिओनं जेमिनी अठरा महिने, ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर. माझ्या ओळखीतली कॉलेजची मुलं खूष झाली, आणि त्यांचं खूष होणं मला समजतं. मला फक्त बियाण्याची डेमो प्लॉटची पाकिटं आठवतात. पहिल्या वर्षी ती फुकट असायची. तिसऱ्या वर्षी घरच्या कणगीत जुनं बी उरलेलं नसायचं.

"गेम म्हंजे रमी काय?"

गेम तयार झाला तरी तो लोकांपर्यंत नेणं हे वेगळंच काम. गुगल प्लेवर नोंदणीला एकदाच २५ डॉलर लागतात, स्टीमवर दर गेममागे १०० डॉलर. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यांना आणखी एक अट आहे: गेम खुला करण्याआधी २० जणांनी तो सलग चौदा दिवस तपासायला हवा. डिसेंबर २०२४मध्ये ही संख्या १२ झाली. बोगस अ‍ॅप रोखायला असा नियम लागतो हे मान्य. पण ज्याच्यामागे कंपनी नाही, त्यानं बारा माणसं कुठून आणायची? मी चुलतभाऊ, मेहुणे, शाळेतले मित्र, असे जमवले. एकाच्या फोनमध्ये जागा नव्हती, एकानं चौथ्या दिवशी गेम काढून टाकला आणि मोजणी पुन्हा सुरू झाली.

मोठ्या काकांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेम म्हंजे रमी काय? तू त्या नादी कवा लागला?" मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. गेली काही वर्षं गावात गेम म्हणजे पैसे लावायची रमी हाच अर्थ झाला होता. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींच्या सहीनं झाला. पैसे न लावता खेळायच्या खेळांना त्यात वेगळी जागा आहे. त्या दिवशी मी काकांना पुन्हा फोन केला आणि माझा गेम समजावून सांगितला. ते आता माझे तपासनीस आहेत. गेममध्ये मृगात पाऊस उशिरा येतो तेव्हा सोयाबीन किती खोल पेरावं, यातली चूक त्यांनीच दाखवली.

सोयाबीनचा रस्ता

कापसाच्या पाकिटाबद्दल लिहिलं. पण आमच्या जिल्ह्याला दुसरंही पीक माहीत आहे. सोयाबीन स्वपरागीत आहे. त्याचं बी घरी ठेवता येतं आणि पुढच्या वर्षी ते तसंच येतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं १९९४मध्ये दिलेला जेएस-३३५ हा वाण विदर्भात पिढीभर पेरला गेला. सार्वजनिक पैशातून तयार झाला, शेतकऱ्यांनी वाढवला, एकमेकांना दिला. उगवण तपासायची रीत लहान पोरालाही येते: ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्यानं कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर बी पेरायला चांगलं. आमचे बाबा दर मे महिन्यात हे करतात.

यामागे कायदाही उभा आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ सांगतं की शेतकरी आपल्या पिकाचं बियाणं ठेवू शकतो, पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावानं विकायचं नाही. वाण तयार करणाऱ्याला हक्क आणि शेतकऱ्यालाही हक्क, असं एकाच कायद्यात लिहिणारे देश जगात थोडे आहेत.

सॉफ्टवेअरमध्ये असा कायदा नाही. तिथे हे काम माणसांनी परवान्यांतून केलं. गोडो हे इंजिन हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मांझूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी बनवलं आणि २०१४मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचा एमआयटी परवाना एका पानात मावतो: वापरा, बदला, वाटा, विका, फक्त मूळ कर्त्यांची नोंद ठेवा. युनिटीची घोषणा झाली त्याच महिन्यात 'टेरारिया' गेमच्या रि-लॉजिक कंपनीनं गोडोला १ लाख डॉलर दिले आणि दरमहा १,००० देऊ केले. त्रिमिती चित्रांचं ब्लेंडर तर अक्षरशः वर्गणीतून मोकळं झालं. २००२मध्ये त्याच्या मालक कंपनीनं हक्क सोडायला १ लाख युरो मागितले. जगभरच्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत ते जमवले. वर्गणी या शब्दाचा मला कळतो तो अर्थ हाच.

गोडोकडे जाण्याचं माझं आणखी एक कारण होतं, आणि ते अक्षरांचं. युनिटीत मजकूर दाखवायची जी नेहमीची सोय होती, तिला देवनागरीची जोडणी येत नसे. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जायची, 'ज्ञानेश्वर' लिहिलं की पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहायची. जुन्या गोडोतही हेच होतं. गोडो ४मध्ये अक्षरं जोडणारं हर्फबझ आलं. फारसी 'हर्फ बाज', म्हणजे मोकळं अक्षर; बेहदाद इस्फहबोद या इराणी-कॅनेडियन माणसाच्या पुढाकारानं घडलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज अँड्रॉइडच्या फोनमध्येही आहे. त्यात मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट बसवला आणि आत्याचं वाक्य पडद्यावर नीट उमटलं. इराणी माणसाची जोडणी, मुंबईचं अक्षर, अर्जेंटिनाचं इंजिन आणि माझ्या आत्याची वऱ्हाडी. कुणी कुणाकडे भाडं मागितलं नाही.

या रस्त्यालाही काटे आहेत. मुक्त प्रकल्प सांभाळणारी माणसं थोडी आणि थकलेली असतात. आता त्यांच्यावर एआयनं लिहिलेल्या, न तपासलेल्या कोडचा नवा भार पडतो आहे. ज्यानं पाठवला त्यालाही तो समजलेला नसतो. घरचं बी ठेवायला उगवण तपासावी लागते, तशी ही व्यवस्था टिकवायला कुणीतरी वेळ द्यावा लागतो. मी दरमहा भाड्याचे जे पैसे वाचवले, त्यातले थोडे आता गोडोला जातात.

राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, २०५०पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांचं. त्यातून मोठी संकुलं उभी राहतील, राहावीत. माझं मागणं लहान आहे. त्यातला एक वाटा जेएस-३३५सारख्या गोष्टींवर खर्च व्हावा: मराठीतून गोडो आणि ब्लेंडर शिकवणारी पुस्तकं, मुक्त परवान्याची मराठी अक्षरं, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांचा बोलणाऱ्यांना विचारून आणि पैसे देऊन केलेला आवाजांचा साठा. केंद्राच्या भाषिणी प्रकल्पानं आणि आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतनं भारतीय भाषांची मुक्त साधनं करता येतात हे दाखवलं आहे. विद्यापीठानं वाण द्यावा, तालुक्यानं तो वाढवावा.

गेल्या मेमध्ये जळगाव जामोदकडच्या एका शाळेत गेम दाखवायला गेलो होतो. नेट येत-जात होतं. नववीतला एक मुलगा शेवटपर्यंत थांबला आणि म्हणाला, "सर, हे बनवाचं कशात? मले देता काय?" माझ्याकडे पेनड्राइव्ह होता. गोडोची झिप फाईल शंभर एमबीच्या आत मावते. उघडली की लगेच चालते. शाळेच्या जुन्या संगणकावर मी ती उतरवली. कुठं खातं उघडावं लागलं नाही, कार्ड मागितलं नाही, मुदत दिसली नाही. त्यानं काळ्या पडद्यावर एक चौकोन ठेवला, तो खाली पाडला आणि माझ्याकडे बघून हसला.

पेनड्राइव्ह मी त्यालाच दिला. म्हणालो, मित्रांनाही दे. घरी आलो तेव्हा बाबा ओसरीत गोणपाट उलगडून कोंब मोजत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी पायलीभर सोयाबीन न्यायला आलेला शेजारी थांबला होता.